सेकंडेड बाय ढाकणे

सिंहगड रस्त्यावरच्या ‘मैत्रांगण’ सोसायटीची सभेची नोटीस दर वेळी सांगते, की सभा रविवारी सकाळी दहा वाजता भरेल आणि कोरमअभावी तहकूब झाल्यास त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने पुन्हा भरेल. ही ओळ वाचून पुण्यातली शहाणी माणसं अर्ध्या तासानेच खाली उतरतात. अतिशहाणी त्याहून उशिरा. दहाच्या ठोक्याला पार्किंगमधल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर एकटेच बद्रीनाथ ढाकणे बसलेले असतात. पांढराशुभ्र शर्ट, बाहीवर कडक घडी, खिशाला पेन. सभा तहकूब व्हायची तर आधी ती भरायला नको का, असं त्यांचं म्हणणं. आणि भरायची तर निदान एक माणूस तरी हवा.

सभा, ठराव, निवडणूक, कचेरी असल्या सार्वजनिक कामात लागणाऱ्या इंग्रजी शब्दांवर या माणसाचं मनापासून प्रेम. कोरम म्हणताना त्यांचा चेहरा खुलतो. आमटीत मीठ कमी पडलं तर ते ‘पॉइंट ऑफ ऑर्डर’ म्हणून हात वर करतात. पाहुण्यांमध्ये राजकारणावरून जुंपली की ‘मी अ‍ॅबस्टेन करतो’ म्हणून गॅलरीत जाऊन तुळशीला पाणी घालतात. मुलीने आपलं लग्न आपणच ठरवलं आणि मुलगा सगळ्यांना आवडला, तेव्हा बैठकीत उठून ‘युनॅनिमस!’ म्हणाले आणि लगेच डोळे पुसायला लागले.

पण खरा लाडका शब्द एकच, अनुमोदनाचा. घरात कारभार बायकोचा, मुक्ताईंचा. “आज मेथी करते,” असं त्या म्हणाल्या की पेपरमागून आवाज येतो, “सेकंडेड.” “रविवारी तुमच्या बहिणीकडे जाऊन येऊ.” “सेकंडेड.” मुक्ताई शेजारणींना सांगतात, “आमच्या यांना नुसतं हो म्हणायलासुद्धा इंग्रजी लागतं.”

याचं मूळ फार मागे आहे. बीडकडून पुण्याला आलेला तरुण बद्रीनाथ भोसरीच्या एका कारखान्यात लेथवर लागला. तिथे त्याचं नाव ‘ए ढाकणे’ होतं. फोरमनपासून चहावाल्यापर्यंत सगळे तेच म्हणत आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, खुद्द त्यालाही नाही. मग कामगारांच्या पतसंस्थेची वार्षिक सभा आली. मोठा हॉल, माइक, टेबलावर हार. व्यासपीठावरच्या पुढाऱ्याने कसलासा ठराव वाचला आणि विचारलं, “एनी सेकंडर?” कुणी जागचं हलेना. काहीतरी उचलायला माणूस हवा असेल असं वाटून बद्रीनाथने हात वर केला. पुढाऱ्याने नाव विचारलं आणि पुढच्या क्षणी ते लाउडस्पीकरमधून हॉलभर घुमलं, “सेकंडेड बाय श्री. बद्रीनाथ ढाकणे.”

‘श्री.’ लागलेलं आपलं पूर्ण नाव त्याने तोवर फक्त पतसंस्थेच्या पासबुकावर वाचलं होतं. ऐकलं कधीच नव्हतं. घरी येताना बसमध्ये तो ते मनातल्या मनात पुन्हापुन्हा म्हणत राहिला. पुढच्या सुट्टीला त्याने बुधवार पेठ गाठली आणि अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगातून सार्वजनिक जीवनातल्या इंग्रजी शब्दांचं एक पातळसं पुस्तक उचललं. मुखपृष्ठ गळून गेलेलं, त्यामुळे त्याचं नाव काय होतं ते आजही कुणाला माहीत नाही. अ‍ॅबस्टेन, अजेंडा, अमेंडमेंट, बाय-इलेक्शन, कास्टिंग व्होट. लेथ फिरता फिरता ही उजळणी चाले.

सगळे शब्द पाठ झाले, पण कामाला आला तो सभेत ऐकलेला पहिला, सेकंडेड. सूचक होण्याच्या फंदात ढाकणे कधी पडले नाहीत. सूचक व्हायचं तर काहीतरी सुचावं लागतं, आणि सुचलेलं लोकांना पटलं नाही तर उभ्या उभ्या फजिती. अनुमोदकाचं बरं असतं. नाव तेवढंच छापून येतं आणि शिव्या मात्र सूचकाला पडतात.

निवृत्त होऊन मैत्रांगणात राहायला आल्यावर तर त्यांना रान मोकळं मिळालं. ठराव कसलाही असो, पाण्याच्या टाकीचा, लिफ्टचा की गणपतीच्या मांडवाचा, सूचकाचं वाक्य संपायच्या आत ढाकण्यांचं “सेकंडेड!” पडलेलं असे. लोकांना ते सोयीचं होतं, कारण सभेच्या शेवटी चहा आणि बटाटेवडे असत आणि ते गार झालेले कुणालाच चालत नसत. दुसऱ्या दिवशी जिन्याजवळच्या फळ्यावर ठराव लागले, की ढाकणे सहज म्हणून खाली उतरत आणि सहज म्हणून आपलं नाव वाचून येत.

सोसायटीत त्यांच्या अगदी उलट असलेला एक माणूस आहे, ए विंगचे बापूराव मेहेंदळे. जन्म शनिवार पेठेतला. सिंहगड रस्त्यावर येऊन बरीच वर्षं झाली तरी पेठेत जायचं झालं तर ते ‘पुण्यात जाऊन येतो’ म्हणतात. बापूरावांचं सभेतलं वाक्यही ठरलेलं, “माझा विरोध नोंदवून घ्या.” इमारतीला रंग द्यायला त्यांचा विरोध होता. रंग न देण्याचं ठरलं तेव्हा त्यालाही होता. ढाकण्यांना ते एकदा म्हणाले होते, “ढाकणे, एकदा ठराव पूर्ण ऐकून मग अनुमोदन देऊन बघा. वेगळीच मजा असते.” ढाकणे मनमोकळं हसले होते. अनुमोदन देण्यासारखीच सूचना होती ती.

तर एका रविवारी बापूराव सभेला नव्हते. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. सेक्रेटरी राकेश ठराव वाचत होता. राकेश आयटीतला, तिशीतला, कामाला वाघ. त्याच्यामुळे सोसायटीचं पाणी वेळेवर येतं आणि कचरा वेळेवर जातो, हे त्याचे शत्रूसुद्धा मान्य करतात. “विषय क्रमांक सहा,” तो म्हणाला, “बी विंगच्या जिन्याखालची जागा मोकळी करून तिथे इलेक्ट्रिक गाड्यांसाठी चार्जिंग पॉइंट...”

वड्यांचा वास नुकताच जिन्यावरून खाली आला होता.

“सेकंडेड!” ढाकणे म्हणाले.

हात वर झाले, खाली आले आणि ठराव मंजूर झाला. ढाकण्यांनी दोन वडे खाल्ले आणि चटणी छान झाली आहे, असं वाढणाऱ्याला आवर्जून सांगितलं.

सोमवारी सकाळी ते नेहमीसारखे फळ्यापाशी गेले, तर तिथे आधीच कुणीतरी उभं होतं. ती ललिता होती. आदल्या दिवशी ती कामाला आली नव्हती. ललिता वानखडे वाशीमकडची. सोसायटी नवी असल्यापासून बी विंगच्या जिन्याखाली तिचं इस्त्रीचं टेबल आहे. टेबलावर चौपदरी घोंगडी, कोळशाची इस्त्री, बारीक आवाजात रेडिओ. कुणाचा शर्ट मुलाखतीचा आणि कुणाची साडी बारशाची, हे तिला सांगावं लागत नाही. ढाकण्यांनी पांढरा शर्ट आणून दिला की ती विचारायची, “सभा आहे वाटतं काका?” आणि बाहीवरून इस्त्रीचा एक हात जास्तीचा फिरवायची.

ती फळ्यावरचं एक एक अक्षर वाचत होती. जागा मोकळी करून. सूचक, सेक्रेटरी. अनुमोदक, श्री. बद्रीनाथ ढाकणे. वाचून झाल्यावर तिने मागे वळून पाहिलं.

“काका, आपल्या सोसायटीत दुसरे कुणी ढाकणे आहेत का?”

तेव्हा कुठे ढाकण्यांनी तो ठराव पहिल्यांदा पूर्ण वाचला. जिन्याखालची जागा मोकळी करायची, म्हणजे त्या जागेवर आज काहीतरी आहे. काय आहे ते त्यांच्यासमोर उभं होतं.

“नाही,” ते म्हणाले. “मी एकटाच.”

“बरं,” ललिता म्हणाली आणि टेबलाकडे परत गेली. तिने इस्त्री हातात घेतली. रेडिओ मात्र बंद केला.

ढाकणे वर आले आणि मुक्ताईंना सगळं सांगून मोकळे झाले. मुक्ताई भाजी निवडत होत्या. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली.

“तिने इस्त्री केलेला शर्ट घालून गेलात आणि तिलाच उठवून आलात?”

यावर पुस्तकातला कुठलाच शब्द लागू पडत नव्हता.

त्यांनी राकेशला गाठलं. राकेश लॅपटॉपची बॅग अडकवून निघाला होता, तरी थांबला. “काका, मला पण वाईट वाटतंय. पण ऑप्शन काय आहे? बाकी सगळी पार्किंग अलॉटेड आहेत. आणि कोळशाची इस्त्री बाजूला ठेवून चार्जिंग पॉइंट कसा लावणार, सेफ्टीचा इश्यू आहे. कामाला मान्यता घ्यायला पंधरवड्यात विशेष सभा घेतोय. तुम्ही तिथे बोला ना. तुम्हाला तर ते सगळं प्रोसीजर येतं.”

शेवटचं वाक्य तो टोमणा म्हणून बोलला नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

मग ढाकणे ए विंगला गेले. बापूराव काळा चष्मा लावून आरामखुर्चीत बसले होते. “बापूराव, ललिताला जिन्याखालून उठवताहेत, सभेत तुम्ही विरोध करा,” ढाकणे म्हणाले. “तुम्हाला जमतं ते.”

“ढाकणे, मी विरोध केलेला एकही ठराव आजवर पडलेला नाही,” बापूराव म्हणाले. “त्या बाईला खरंच घालवायचं असेल तर मी जरूर बोलतो.”

“मग मी काय करू?”

“उभे राहा. तोंड आहे, पाय आहेत. मी मात्र बसून ऐकेन, कारण मला वाकायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय.” मग म्हणाले, “चहा घेणार असाल तर सांगा. नसाल घेणार तर फारच बरं.”

तो पंधरवडा ढाकण्यांना फार जड गेला. ललिता आजूबाजूच्या सोसायट्यांमध्ये जागा विचारत फिरते आहे, हे वॉचमनकडून कळलं. सगळीकडचे जिने आधीच कुणाकुणाचे होते. ढाकणे जिन्यावरून उतरताना तिच्याकडे न पाहता जायचे आणि तेवढ्यानेही त्यांना कानकोंडं व्हायचं. इस्त्रीचे कपडे तिच्याकडे द्यायची त्यांना लाज वाटू लागली. खुर्चीवर चुरगळलेल्या कपड्यांचा ढीग वाढत गेला आणि मुक्ताईंनी मुद्दाम त्याला हात लावला नाही.

संध्याकाळी ते पार्किंगमधल्या आपल्या स्कूटरपाशी जाऊन बसायचे. मीटररूमला लागून असलेली ही कोपऱ्यातली जागा सोसायटीत सगळ्यात चांगली. ऊन नाही, पाऊस नाही, धूळ नाही. सुरुवातीला चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा ती ढाकण्यांना लागली होती आणि अर्धी सोसायटी अजून ते विसरलेली नाही. गुडघे दुखायला लागल्यापासून स्कूटर फारशी निघत नसे. तरी ते रोज सकाळी ती पुसत. मुलीला याच स्कूटरवर पुढे उभी करून त्यांनी खडकवासल्याचं पाणी दाखवायला नेलं होतं. मुक्ताई मागे बसून सारखं ‘हळू’ म्हणत होत्या आणि तेव्हाही ढाकणे ‘सेकंडेड’च म्हणाले होते.

अशाच एका संध्याकाळी स्कूटर पुसताना त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं. भिंतीपलीकडे मीटर. म्हणजे वीज इथेच, हाताच्या अंतरावर. फडकं हातात तसंच राहिलं. त्यांनी स्कूटरकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा स्कूटरकडे पाहिलं. आपल्याला काहीतरी सुचलंय, हे त्यांच्या जरा उशिराच ध्यानात आलं.

विशेष सभेच्या सकाळी ते चुरगळलेल्या शर्टात खाली उतरले. दहा वाजता एकटेच बसून राहिले. अर्ध्या तासाने माणसं जमली. काळा चष्मा लावून बापूरावही आले. जिन्याखाली ललिता इस्त्री करत होती आणि मान वर करत नव्हती. सोसायटीची सभासद नसल्याने तिला सभेत बसता येत नव्हतं, पण तिचं टेबल सभेपासून इतकं जवळ होतं, की न ऐकण्याची सोय नव्हती.

राकेशने ठराव मांडला. ठरल्या जागी चार्जिंग पॉइंटचं काम सुरू करण्यास मान्यता द्यावी. ठराव वाचून तो थांबला आणि सवयीने सगळ्यांनी ढाकण्यांकडे पाहिलं.

ढाकणे गप्प.

“काका?” राकेश म्हणाला.

ढाकणे उभे राहिले. गुडघा करकरला. आरशासमोर उभं राहून त्यांनी दोन दिवस तयारी केली होती. ‘मिस्टर चेअरमन, थ्रू द चेअर, आय मूव्ह अ‍ॅन अमेंडमेंट.’ सगळं कसं चोख बसलं होतं. आता समोर पन्नासेक चेहरे आले आणि त्यातला एकही शब्द जागेवर सापडेना. पुस्तकातली पानंच्या पानं कोरी झाली. तोंडातून निघाली ती बीडची बोली.

“मला इंग्रजी काई आठवंना बघा,” ते म्हणाले. “मागच्या टायमाला मी न ऐकताच हो म्हणलो. वड्याचा वास आला अन् म्हणलो. त्याच्यात एका बाईचं टेबल चाललंय. तिनं आपल्या सगळ्यांचे कपडे इतकी वर्षं नीट केलेत. माझं नाव तिनं फळ्यावर वाचलं, अन् मला ते सहन होईना.” त्यांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. “मीटररूमजवळची माझी जागा घ्या. चार्जिंग तिथं लावा. स्कूटर मी बाहेर झाडाखाली लावीन. तिचं टेबल हलवू नका. एवढंच माझं म्हणणं आहे. माझी सूचना आहे.”

सगळे थक्क झाले. ढाकणे आणि सूचना? आणि ती जागा? मागच्या रांगेत कुणीतरी हळूच म्हणालं, “ती कोपऱ्यातली?” राकेश म्हणाला, “काका, टेक्निकली ते बेस्टच आहे. पण आर यू शुअर?”

“हो.”

“ओके. मग सूचक, श्री. ढाकणे. अनुमोदन?”

कुणी बोललं नाही. लोक विरोधात होते अशातला भाग नव्हता. या सोसायटीत अनुमोदन द्यायची सवय एकाच माणसाला होती आणि तो माणूस उभा होता. जो तो दुसऱ्याकडे पाहू लागला. कुणी मोबाइलमध्ये डोकं घातलं. सूचक होण्याची भीती त्यांना जन्मभर वाटत आली होती ती याच क्षणासाठी. आपण काहीतरी बोलावं आणि सभाभर शांतता पसरावी. जिन्याखालची इस्त्रीही थांबली होती.

“अनुमोदन?” राकेशने पुन्हा विचारलं.

पहिल्या रांगेतून बापूराव मेहेंदळे उठले. झालं, असं सगळ्यांच्या मनात आलं. बापूरावांनी चष्मा सारखा केला.

“माझा विरोध,” ते म्हणाले आणि सवयीने पुढे जाणारं वाक्य त्यांनी मध्येच धरून ठेवलं. “...नाही. सेकंडेड. काय ते लिहून घ्या, मी पुन्हा म्हणणार नाही.”

आणि खाली बसून त्यांनी रुमालाने कपाळ टिपलं. पहिल्यांदा कुणीतरी हसलं आणि त्या हसण्यात एक हात वर आला, मग दुसरा, मग भराभरा सगळे. राकेशने स्वतःचाही हात वर केला. ढाकणे उभेच होते. खाली बसायचं असतं हे त्यांना सुचेना. शेवटी मुक्ताईंनी मागून येऊन त्यांना हाताला धरून बसवलं आणि त्यांच्या कानात म्हणाल्या, “बोललात हो छान. मराठीत.” ढाकण्यांना हसूही आलं आणि डोळेही भरून आले. वडे येऊन गेले तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

सोमवारी सकाळी ते खाली उतरले ते फळा वाचायला नव्हे. स्कूटर आदल्या दुपारीच बाहेर गुलमोहराखाली नेली होती आणि ती एका दिवसात किती धुळीने माखली असेल, या काळजीने ते फडकं घेऊन निघाले होते. जिन्याखाली रेडिओ चालू होता. ललिताने त्यांना पाहिलं.

“काका, नाव या वेळी वरच्या ओळीत आहे,” ती म्हणाली.

“हां, असेल,” ढाकणे म्हणाले.

“आणि ते घरातले कपडे आणून द्या आधी. काल भर सभेत तो शर्ट बघवत नव्हता.”

ते मान डोलावून बाहेर आले. गुलमोहराखाली स्कूटरवर एक जुनी निळी चादर घातलेली होती. वाऱ्याने उडू नये म्हणून चारी टोकं सुतळीने बांधली होती. ढाकण्यांनी गाठ सोडायला हात घातला आणि तो तसाच राहिला. धूळ झेलायला घातलेल्या त्या जुन्या चादरीला कडक इस्त्री होती.